चाकांच्या खुर्चीतला दिवस

पाठीचा कणा म्हणजे केवळ हाडांचा खांब नव्हे. त्याच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूचे हुकूम हातापायांकडे आणि हातापायांच्या वेदना मेंदूकडे याच वाटेने जातात. अपघातात किंवा युद्धात गोळी लागून हा रज्जू तुटला, की त्याखालचे शरीर लुळे पडते. पाय हलत नाहीत. त्यांना टोचले, भाजले तरी समजत नाही. मूत्राशयावरचा ताबाही जातो.

असा रोगी फार दिवस जगायचा नाही, अशी दुसऱ्या महायुद्धापर्यंत समजूत होती व ती बहुधा खरी ठरे. परंतु त्याचा जीव घेई तो तुटलेला रज्जू नव्हे. एकाच कुशीवर पडून राहिल्याने हाड आणि गादी यांमध्ये कातडी दबते, तेथले रक्त वाहीनासे होते आणि व्रण पडतात. धडधाकट माणूस झोपेतही कूस बदलतो. ज्याला दुखतच नाही, तो ती कशाला बदलील? हे व्रण चिघळत, मूत्राशयात रोगजंतू वाढत, त्यांचे विष अंगात भिने आणि विशी-बाविशीतला तरुण दगावे.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात अशा जखमींसाठी स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. त्याचे प्रमुख डॉ. लुडविग गुटमन हे मूळचे जर्मनीचे. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत त्यांना देश सोडावा लागला व १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले. त्यांनी नियम घातला, की प्रत्येक रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्रीही. नियम किती साधा! पण कडाक्याच्या थंडीत रात्री दोन वाजता आणि पुन्हा चार वाजता तो पाळणाऱ्या परिचारकांचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

रोगी जगू लागले. आता प्रश्न उभा राहिला, की दिवस काढायचा कसा? छताकडे पाहत संध्याकाळची वाट पाहणे गुटमन यांना मुळीच मान्य नव्हते. कोणी सुतारकाम करी, कोणी घड्याळे दुरुस्त करी, कोणी टंकलेखन शिके. आरशासमोर तोल सावरून बसण्याचा सराव चाले. कंबर सरळ आहे की कलली, हे शरीर सांगत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

आणि खेळ! चाकांच्या खुर्च्यांवरून पोलो खेळण्यात येई. तो फार धसमुसळा ठरला म्हणून पुढे बंद झाला. धनुर्विद्या मात्र टिकली. प्रत्यंचा ओढताना पाठीचे व खांद्यांचे स्नायू बळकट होतात आणि बसल्या बसल्या तोल सावरतात ते नेमके हेच स्नायू. शिवाय नेम धरताना पायांना कोण विचारतो? २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी या रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांनी धनुर्विद्येचा सामना खेळला. त्यांत दोन स्त्रिया होत्या. १९६० साली रोम येथे भरलेल्या सामन्यांत २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू उतरले. पॅरालिंपिक म्हणतात ते हेच.

आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले. सैन्यात असताना १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या. पदक मिळाले ते ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत. पाणी शरीराचा भार तोलून धरते; तेथे हातांच्या बळावर पुढे जाता येते.

मज्जारज्जूला इजा झालेल्या आजच्या मुलामुलींचा दिवसही साधारण असाच जातो. सकाळी आरसा धरून कातडी तपासायची. खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर भार देऊन अंग उचलायचे, म्हणजे कातडीतले रक्त खेळते राहते. मग अभ्यास, गप्पा, खेळ, तुमच्यासारखेच. शाळेच्या दाराशी पायऱ्या असल्या, तर मात्र खुर्ची तेथेच अडते. तेथे उतार बांधावा लागतो आणि तोही बेताचा: एक फूट उंच ओट्यासाठी निदान बारा फूट लांब. तुमच्या शाळेचा ओटा किती उंच आहे, ते एकदा मोजून पाहा.