शेवटची बाकी

माल बाजारात आणण्यापूर्वी विक्रेत्याने तो स्वतः पारखावा, हा व्यापारातील जुना संकेत आहे. जपानमधील क्योटो येथील निन्टेंडो कंपनीने हाच संकेत एका व्हिडिओ गेमचा नियम केला आणि जगभरातील खेळाडूंनी आठ वर्षांहून अधिक काळ त्यावर विश्वास ठेवला. अखेरच्या काही आठवड्यांत तो विश्वास कसोटीस लागला. ही हकीकत अशा खेळांना निव्वळ कालापव्यय मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही जाणून घेण्याजोगी आहे.

निन्टेंडोची सुरुवात 1889 साली खेळण्याचे पत्ते बनविणारी पेढी म्हणून झाली. तिचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ 1985 साली आला. खड्डे आणि शत्रू चुकवीत, उड्या मारीत मारिओला टप्प्याच्या अखेरीस असलेल्या निशाणापर्यंत पोहोचवायचे, असे त्याचे स्वरूप. शिगेरू मियामोटो आणि ताकाशी तेझुका त्यातील टप्पे आलेखाच्या कागदावर आखीत असत. तीस वर्षांनी, सप्टेंबर 2015 मध्ये, ‘सुपर मारिओ मेकर’ने ही आखणी खेळाडूंच्याच हाती सोपविली. मे 2016 पर्यंत त्यांनी 72 लाखांहून अधिक टप्पे रचले. काहींनी बटण न दाबताही मारिओ आपोआप पार होईल अशी गमतीदार रचना केली. काहींनी निष्णातांचाही घाम निघेल असे टप्पे बांधले.

येथे पतही कमवावी लागे. नवख्याला प्रारंभी दहाच टप्पे प्रसिद्ध करता येत. इतरांनी पसंतीचे तारे दिले की ही मर्यादा वाढे. दुसरा नियम अधिक महत्त्वाचा होता. रचनाकाराने आपला टप्पा स्वतः पार करून दाखविल्याखेरीज तो प्रसिद्ध होत नसे. टप्पा कितीही कठीण असो, एका माणसाने तो पार केलेला आहे, ही त्यामागील हमी होती.

तरीही असंख्य टप्पे असे उरले, की रचनाकाराखेरीज कोणालाच ते जमले नव्हते. 2017 साली काही चाहत्यांनी ‘टीम झिरो पर्सेंट’ हा गट स्थापून अशी प्रत्येक बाकी फेडण्याचा संकल्प सोडला. या कामाला ना वेतन होते, ना बक्षीस. 31 मार्च 2021 रोजी नवे टप्पे स्वीकारणे बंद झाले, त्यामुळे बाकी वाढण्याचे थांबले. पुढे ऑक्टोबर 2023 मध्ये कंपनीने एप्रिल 2024 पासून ऑनलाइन सेवा बंद करण्याचे जाहीर केले. मुदत ठरताच शेकडो हात कामाला लागले.

मार्च 2024 च्या मध्यास ‘द लास्ट डान्स’ हा टप्पाही सर झाला आणि वहीत एकच नोंद उरली : ‘ट्रिमिंग द हर्ब्स’. हा टप्पा अर्ध्या मिनिटाच्या आतला. परंतु प्रत्येक हालचाल निमिषमात्रही चुकता कामा नये. चाहत्यांचे दोन लाखांहून अधिक प्रयत्न व्यर्थ गेले होते. अशा वेळी रचनाकाराने कबुली दिली : पडताळणीच्या वेळी तो टप्पा त्याने स्वतःच्या हातांनी पार केला नव्हता, बटणांचा क्रम आधी आखून तो यंत्राकरवी वठविला होता. झाल्या प्रकाराबद्दल त्याने खेदही व्यक्त केला.

रात्रंदिवस खपलेल्या खेळाडूंना संताप आला, तर उशिरा का होईना सत्य सांगितल्याचे काहींना समाधान वाटले. यंत्राच्या साहाय्याने खेळण्याची स्वतंत्र परंपरा या क्षेत्रात आहे आणि ती उघडपणे जोपासली जाते. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. यंत्राचे काम माणसाच्या नावे जमा केले गेले, हा होता. गटाने हिशेब दुरुस्त केला : ही नोंद मुळातच अवैध, सबब ‘द लास्ट डान्स’ हीच शेवटची बाकी आणि संकल्प पूर्ण.

खेळ येथेच संपला असता तरी कोणाची तक्रार नव्हती. पण काही खेळाडूंनी प्रयत्न सोडला नाही. सेवा बंद होण्यास तीन दिवस उरले असताना, 5 एप्रिल रोजी, त्यांपैकी एकाने ‘ट्रिमिंग द हर्ब्स’ स्वतःच्या हातांनी पार केला. यंत्राच्या जोरावर वहीत शिरलेली नोंद अखेर माणसाच्या कष्टाने खरी झाली. 8 एप्रिलला दरवाजे मिटले, तेव्हा देणे काहीच उरले नव्हते.