अंथरुणावरचे आईवडील आणि शय्याव्रण

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा घरी कशी करावी, अशी विचारणा वाचक अधूनमधून करतात. या खेपेस पुस्तकातले न सांगता घरचेच सांगते.

मी तीस वर्षे परिचारिका होते. कित्येक रुग्णांच्या पाठी पुसल्या, त्यांच्या मुलांना शय्याव्रणाबद्दल, म्हणजे आपण ज्याला बेडसोअर म्हणतो त्याबद्दल, कानीकपाळी ओरडून सांगितले. आणि माझ्या स्वतःच्या आईच्या डाव्या टाचेला झालेले व्रण मला दिसले नाही! आईला स्मृतिभ्रंश होता. २०२२ च्या पावसाळ्यात ती मोरीत घसरली, खुब्याचे हाड मोडले आणि त्यानंतर ती उठलीच नाही. मी तिची पाठ व माकडहाड रोज पाहत असे. पण थंडी म्हणून घातलेला मोजा चार दिवस काढला नव्हता. आमच्या मंडळीतल्या एक मावशी रविवारी प्रार्थनेला आल्या होत्या. पांघरूण सारखे करता करता त्यांनी मोजा काढला, तेव्हा टाचेवर रुपयाएवढा काळपट फोड होता.

हे का होते? हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा अडतो. आपण झोपेतही कूस बदलतो, म्हणून आपल्याला काही होत नाही. अशक्त माणसाला ते जमत नाही, आणि विसर पडलेल्या माणसाला दुखते आहे हे सांगताही येत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, या जागा रोज उजेडात पाहाव्यात. लाल डाग दिसल्यास बोटाने दाबावा. दाबूनही तो फिका पडला नाही तर ती सुरुवात समजावी. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही. तेव्हा हात लावून पाहावे. आसपासच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा मऊ लागली तर सावध व्हावे.

सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन थोडे तिरपे ठेवावे, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. पोटरीखाली मऊ उशी द्यावी आणि टाच अधांतरी राहू द्यावी. हवेची गादी उपयोगी आहे. पण ती घेतली म्हणून कूस बदलणे सुटत नाही. लाल जागेवर चोळू नये. मधे भोक असलेली रबरी चकती वापरू नये. तिच्या कडेने उलट रक्तपुरवठा अडतो. जखमेवर स्पिरिट, हळद वगैरे घरचे प्रयोग नकोत. पू, दुर्गंधी, ताप किंवा काळे पडलेले कातडे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

रात्री दोन वाजता कूस बदलायला गेले की आई अंग ताठ करी, माझा हात झिडकारी. मी कोण हे तिला ठाऊक नसे. एका रात्री मी तिच्यावर ओरडले. सकाळी पाळकसाहेबांना सांगताना मला रडू आवरेना. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा मी लहानपणी तिच्याच मांडीवर पाठ केली होती. ते उपदेश करत बसले नाहीत. मी शेवटची सलग कधी झोपले ते विचारले. त्याच आठवड्यापासून महिला मंडळातल्या दोघी मंगळवारी व शुक्रवारी रात्री येऊ लागल्या. विश्वास असेल तर औषधपाणी कशाला, असे म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. माझी प्रार्थना ऐकली गेली ती या दोघींच्या रूपाने, असे मी मानते.

त्यांच्यातल्या एकीने युक्ती काढली. वळवण्याआधी ना. वा. टिळकांचे एखादे भजन हळू म्हणायचे. मुलीचे नाव विसरलेली आई दुसरी ओळ स्वतः उचलत असे आणि तेवढ्यात अंग सैल पडे. स्मृतिभ्रंशात जुनी गाणी पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. आपल्या घरी अभंग असेल, ओवी असेल, वापरून पाहा.

खाण्याबद्दलही सांगितले पाहिजे. झोपवून भरवू नये. ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, आणि पहिला घास गिळल्यावरच दुसरा. नंतर अर्धा तास बसलेलेच ठेवावे. पातळ पाणी व चहा यांनी अनेकदा जास्त ठसका लागतो. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. आईसाठी पाळकसाहेब प्रभुभोजन घरी आणत. भाकरीचा कण ते द्राक्षरसात पूर्ण भिजवून देत आणि तिने गिळेपर्यंत थांबत. व्रण भरायला प्रथिनेही लागतात. आईला मऊ खिचडीत अंडे कुस्करून देत असू.

टाच भरून यायला अडीच महिने लागले. आई त्यानंतर वर्षभर होती. मावशी मात्र शेवटच्या रविवारपर्यंत, घरात आल्या की आधी तिची टाच पाहत आणि मग प्रार्थनेला बसत.