राजवाड्याच्या भिंतीवर नसलेल्या बायका

मुंबईला फोर्टात गेले की तिथल्या एका अग्यारीच्या दारातले दगडी बैल बघायला मी थांबतेच. अंग बैलाचं, पाठीला पंख आणि तोंड मात्र दाढीवाल्या माणसाचं! असलेच बैल इराणात शिराजजवळ पर्सेपोलिसच्या राजवाड्याच्या दारात आहेत असं कळलं, आणि मग त्या राजवाड्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

इराणी लोक त्याला ‘तख्त-ए-जमशेद’ म्हणतात. सम्राट दरायसने इ. स. पूर्व ५१८च्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी भलामोठा दगडी चौथरा घालून हे काम सुरू केलं, ते मुलगा झर्क्सिसने पुढे नेलं. चौथऱ्यावर जायला दोन बाजूंनी १११-१११ पायऱ्या, पण प्रत्येक पायरी जेमतेम १० सेंटीमीटर उंच. पायघोळ झगे घातलेल्या पाहुण्यांना डौलात चढता यावं म्हणून, असं म्हणतात. (देवळाच्या पायऱ्या बांधणाऱ्यांना हे कुणीतरी दाखवायला हवं. आमचे गुडघे दुवा देतील!) वर ‘अपादान’ हा दरबार. त्याला ७२ खांब, उंची सुमारे २० मीटर. आज त्यातले १३ उभे आहेत.

दरबाराच्या जिन्यावर नजराणे घेऊन आलेल्या २३ मुलखांच्या लोकांची रांग कोरली आहे. त्यात आपल्या सिंधूकडचे लोकही आहेत, त्यांच्या टोपल्यांत सोन्याची पूड आहे. पण मैत्रिणींनो, या शेकडो पुरुषांत बाई एकही नाही. आहे ती एक सिंहीण. तिची पिल्लं मागच्या माणसांनी उचललीत आणि ती मान वळवून त्यांच्याकडे बघतेय.

इ. स. पूर्व ३३० मध्ये सिकंदराच्या सैन्याने हा राजवाडा जाळला. त्यातही काही जुने लेखक सांगतात, की थाईस नावाच्या ग्रीक बाईने मेजवानीत त्याला चिथावलं. म्हणजे भिंतीवर बाईला जागा नाही, खापर फोडायला मात्र बाई हवी!

मग १९३३ मध्ये खोदकाम करताना तटाच्या भिंतीत मातीच्या हजारो छोट्या पाट्या सापडल्या. हा दरायसच्या काळातला कोठाराचा हिशेब, म्हणजे चक्क शिध्याचं मस्टर. अभ्यासासाठी त्या अमेरिकेत शिकागोला गेल्या. पुढे त्यांच्यावर जप्तीचा दावा लागला, तो २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि २०१९ मध्ये सतराशेहून जास्त पाट्या इराणला परत आल्या.

बचत गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या मला यात गोडी वाटली नसती तर नवल. कारण या पाट्यांत बायकाच बायका आहेत! दरायसची राणी इर्ताशदुना हिची स्वतःची मालमत्ता होती, हुकमावर स्वतःचा शिक्का होता. सरकारी कामावरच्या मजूर बायकांच्या टोळ्या होत्या. त्यांच्या मुकादमिणींना महिन्याला सुमारे ५० लिटर धान्य, शिवाय मद्य आणि मेंढीच्या मटणाचा वाटा मिळे. साध्या मजुरापेक्षा हे बरंच जास्त. बाळंतिणींनाही जादा शिधा लिहिलेला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी! मी घरात सगळ्यांना हाका मारून हे वाचून दाखवायला लागले.

पुढची ओळ वाचली आणि आवाज खाली आला. मुलगा झाला असेल तर जेवढा शिधा, मुलगी झाली असेल तर त्याच्या निम्मा.