तुर्कस्तानातील लिपिबदल : साक्षरता आणि वारसा

१ नोव्हेंबर १९२८ रोजी तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेने कायदा करून अरबी लिपीऐवजी लॅटिन लिपीवर आधारित २९ अक्षरांची वर्णमाला स्वीकारली. १ जानेवारी १९२९ पासून पुस्तकेही नव्या लिपीतच छापणे बंधनकारक झाले. या घटनेकडे बहुधा धर्म विरुद्ध आधुनिकता याच दृष्टीने पाहिले जाते. वस्तुतः तिच्यात भाषा, शिक्षण आणि राजकारण असे तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत.

भाषेची अडचण खरी होती. तुर्कीत ८ स्वर आहेत. अरबी लिपीत स्वर दाखविण्याचा भार मुख्यतः अलिफ, वाव आणि ये यांवर पडतो. ‘झाला’ आणि ‘मेला’ या अर्थांची भिन्न उच्चारांची दोन तुर्की क्रियापदे त्यामुळे एकसारखीच लिहिली जात. सुधारणेची मागणीही जुनी होती. १८६२ मध्ये मुनीफ पाशांनी हा प्रश्न मांडला आणि १८६३ मध्ये अखुंदजादे आपली योजना घेऊन इस्तंबूलला आले. परंतु तेव्हाची चर्चा प्रामुख्याने अरबी लिपी सुधारण्याची होती, ती सोडून देण्याची नव्हे.

१९२७ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १० टक्के होती. १९३५ मध्ये ती सुमारे २० टक्के झाली. याचे श्रेय केवळ नव्या अक्षरांना देता येत नाही. १९२९ पासून १६ ते ४५ वर्षांच्या प्रौढांसाठी ‘मिल्लत मकतब’ सुरू झाले व तेथील हजेरी सक्तीची होती. अवघड लिपी न सोडताही जपानने व्यापक साक्षरता साधली, हे उदाहरणही विसरता येत नाही.

किंमत मात्र मोठी पडली. १९२९ मध्येच माध्यमिक शाळांतून अरबी व फारसी हे विषय गेले. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या भाषा संस्थेने अरबी-फारसी शब्द वगळण्याची मोहीम चालविली. खुद्द अतातुर्क यांचे १९२७ चे प्रदीर्घ भाषण ‘नुतुक’ पुढील पिढ्यांसाठी सोप्या तुर्कीत उतरवावे लागले. आजोबांची पत्रे नातवाला वाचता येईनात. मोडी दप्तरांसमोर बसणाऱ्या मराठी अभ्यासकाला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

तात्पर्य, साक्षरता वाढविली ती प्रामुख्याने शाळांनी. लिपीने तिला हातभार लावला. वारसा तुटला तो मात्र केवळ लिपी बदलल्यामुळे नव्हे, तर जुनी लिपी शिकविणेच थांबल्यामुळे. वर्गात हा विषय शिकविताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे.