दहा बाय बाराच्या खोलीत आईची जागा

आमच्या नंदुरबार-नवापूर पट्ट्यातल्या बहुतेक घरांचं एक टोक सुरतेत असतं. कुणाचा भाऊ लूमवर, कुणाचा जावई प्रोसेस मिलमध्ये, कुणाची बहीण घरी बसून साड्यांना लेस लावते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान ही नावं आम्हाला शहाद्या-तळोद्याइतकीच जवळची. माझा धाकटा भाऊ भेस्तानला राहतो. भाड्याचं घर, एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. खोली दहा बाय बारा फुटांची. तीत तो, भावजय, दहावीतली भाची आणि सातवीतला भाचा.

वडील गेल्यावर आई गावी एकटी राहू लागली. गुडघे धरलेले, रात्री उठताना दोनदा पडली. माझ्याकडे लेकीचं घर म्हणून चार दिवसांच्या वर राहायची तिची तयारी नाही. मुलाकडे चल म्हटलं की तिचा एकच प्रश्न, "तुना घरमा माले कोठे ठेवशी?" अहिराणीतला हा प्रश्न ऐकून भाऊ गप्प बसायचा. खोलीत खरोखरच जागा नव्हती. मोठं घर घ्यायची ऐपतही नव्हती. सगळा हिशेब करून हाताशी होते दहा हजार रुपये.

मी मराठी शिकवते. घरसजावटीतलं मला काही कळतं असा माझा दावा नाही. पण त्या उन्हाळ्यात आम्ही जे केलं, त्यातलं काही चुकलं, काही साधलं. अशाच खोलीत राहणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

पहिली चूक दोन वर्षं आधीची. आपल्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी घर सारवायचं, रंगवायचं, भांडीकुंडी घासायची, अशी खानदेशातली रीत. सुरतेत गेलेल्या माणसांनी ती तिकडेही चालू ठेवली आहे. भावानेही कानबाईआधी भर पावसात चार हजार खर्चून भिंती रंगवल्या. दिवाळीपर्यंत मागच्या भिंतीचे पापुद्रे सुटले, खाली पांढरा खार फुटला. भाऊ म्हणे रंग हलका निघाला. रंगाचा दोष नव्हता. त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आणि भिंतीत गळका नळ. आतून ओल येत असताना वरून कितीही भारी रंग लावा, तो टिकत नाही. भिंतीतलं पाणी बाहेर येताना प्लास्टरमधले क्षार घेऊन येतं आणि पृष्ठभागावर वाळताना तेच क्षार रंगाला ढकलून देतात.

म्हणून या वेळी रंगाचा विषय शेवटी ठेवला. होळीच्या सुमाराला आधी नळ दुरुस्त केला. घरमालकांशी भाऊ नीट बोलला, तेव्हा निम्मा खर्च भाड्यातून वळता करायला ते तयार झाले. भाडेकरूंनी हे विचारून पाहावं, आपण उगाच आधीच गृहीत धरतो की नाहीच म्हणतील. मग भिंत खरवडून दोन महिने तशीच उघडी ठेवली. ती वाळली की नाही हे पाहायची सोपी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावायचा आणि दुसऱ्या दिवशी काढायचा. आतल्या बाजूला दव धरलं असेल तर भिंत अजून ओली. आमच्या भिंतीने एप्रिलमध्ये दव दाखवलं, मेमध्ये नाही. मग पुट्टी, प्रायमर आणि रंग. मजुरी वाचवायला बाप-लेकांनीच रोलर धरला. एक सांगून ठेवते. डब्यावर जितके चौरस फूट लिहिलेले असतात ते गुळगुळीत भिंतीचे असतात. जुनी खडबडीत भिंत जास्त रंग पिते, आम्हाला एक डबा पुन्हा आणावा लागला.

रंग वाळेपर्यंत आम्ही कागदावर खोली मांडली. भाचीच्या ग्राफपेपरवर अर्धा इंच म्हणजे एक फूट धरून खोली काढली, दार-खिडकी दाखवली आणि प्रत्येक वस्तू मापात कापून वेगळी केली. हा खेळ प्रत्येक घराने एकदा खेळावा. जड कपाट चार वेळा सरकवण्यापेक्षा कागदाचा कपटा सरकवणं केव्हाही बरं. त्यात एक गोष्ट उघडी पडली. तीन माणसांचा एक आणि दोन सुट्या खुर्च्या असा सोफासेट जवळजवळ पाव खोली खाऊन बसला होता, आणि त्यावर दिवसभर बसत होते फक्त इस्त्रीचे कपडे. मी मास्तरकीच्या सुरात जाहीर केलं, "सोफा जाणार."

भावजय काही बोलली नाही. आत जाऊन कणीक मळू लागली. जरा वेळाने भाची हळूच म्हणाली, "आत्या, तो आजोबांनी दिलाय." भावजयीच्या वडिलांनी लग्नात दिलेला तो सोफा. ते आता नाहीत. माझ्या आईला जागा करताना मी तिच्या वडिलांची आठवण दाराबाहेर काढत होते, तेही तिला न विचारता. मी आत जाऊन तिची क्षमा मागितली. मोजमाप करण्याआधी कोणती वस्तू कुणाची हे विचारायला हवं होतं.

तोड तिनेच काढली. तीन माणसांचा सोफा आणि एक खुर्ची डिंडोलीला तिच्या बहिणीकडे गेली, म्हणजे वस्तू माहेरातच राहिली. दुसरी खुर्ची ठेवली, आईसाठी. आईला खाली बसता येत नाही, तेव्हा हात टेकून उठता येईल अशी खुर्ची लागणारच होती. भावजयीने तिला नवं कव्हर शिवलं.

कापडाबद्दल थोडं सांगायला हवं. लॉरी बेकर हे जन्माने इंग्रज वास्तुविशारद १९४५ साली भारतात आले आणि पुढे केरळात स्वस्त, देखणी घरं बांधत राहिले. २००७ मध्ये ते वारले. घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आतलंच वापरावं, हा गांधीजींचा सल्ला आपण मनावर घेतला असं ते सांगत. भेस्तानच्या पाच मैलांत काय मिळतं? कापड! मिलचे उरलेले तुकडे तिथे किलोवर मिळतात. साडेपाचशे रुपयांत खिडकीचा पडदा, खुर्चीचं कव्हर आणि आईच्या पलंगापुढे तारेवर सरकणारा पडदा झाला, तारेसकट. मात्र यातलं बरंचसं कापड पॉलिएस्टर असतं. पडद्याला ते उत्तम, धुतलं की लगेच वाळतं. अंथरायला नको, घाम शोषत नाही. गॅसजवळ किंवा समईजवळ तर मुळीच नको, पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं. देव्हाऱ्यामागे पडदा लावायची भाचीची फार हौस होती, ती मी मोडली.

पलंग लोखंडी, भंगारवाल्याकडून दीड हजाराला. घासून रंगवला. उंची पाहून घेतला. काठावर बसल्यावर आईचे तळवे जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, तर उठताना गुडघ्यावर ताण कमी येतो. घरातल्याच जुन्या गादीचा कापूस पिंजून पुन्हा भरून घेतला. उशाशी दिव्याचं बटण, म्हणजे रात्री अंधारात चाचपडणं नको. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट पूर्ण मोकळी, मधलं पायपुसणंही काढलं. एक खुंटी, एक फळी आणि पलंगाखाली तिची पत्र्याची पेटी. कागदावर मोजलं तर सहा बाय चार फूट. पण ते तिचे.

रंग तिला फोनवर विचारला होता. तिला चुन्यात नीळ घातलेल्या भिंती हव्या होत्या, गावच्या घरासारख्या. बाकी खोली उजेडासाठी पांढरी केली, पलंगाकडची भिंत फिकट निळी. सगळा खर्च ९,६०० रुपये झाला. उरलेले चारशे सामान आणण्याच्या रिक्षात गेले.

जूनमध्ये आईला घेऊन आम्ही उधन्याला उतरलो. घरात शिरल्यावर तिने काहीच म्हटलं नाही. निळ्या भिंतीवरून हात फिरवला, पेटी पलंगाखाली सरकवून पाहिली आणि खुंटीला पिशवी अडकवली. पहिला आठवडा "माले आठे करमत नही" चालू होतं. मग शेजारची शिंदखेड्याकडची एक आजी दुपारी येऊन बसू लागली. दोघी मिळून उरलेल्या कापडाची गोधडी शिवतात. २०२५ च्या श्रावणात त्या खोलीत कानबाई बसली, तेव्हा रोटांचे गहू आईनेच निवडले.

मी गेले तेव्हा पाहिलं, पलंगाची दिशा बदललेली. ग्राफपेपरवर मी तिचं डोकं दाराकडे आणि पाय खिडकीकडे ठेवले होते, वारा लागावा म्हणून. तिने भाच्याकडून गादी-उशी फिरवून घेतली होती. विचारलं तर म्हणाली, आता पडल्या पडल्या दार दिसतं, पोरं शाळेतून आलेली कळतात. दिव्याचं बटण मात्र त्यामुळे पायाशी गेलं. ते पुन्हा उशाशी आणायला वायरमन दोनशे रुपये मागतो आहे.