रानातलं शहाणपण – भाग ९ : स्लॉथला आळशी ठरवणारे चुकले

मागच्या भागात आपण अस्वलापाशी थांबलो होतो, आज तिथूनच पुढे जाऊ. नागपूरजवळच्या आपल्या वाडीपासून जवळच असलेलं गोरेवाड्याचं प्राणिउद्यान २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. तिथल्या सफारीत अस्वलं आहेत. वारूळ उकरलं की अस्वल आधी फुंकर मारून माती उडवतं, मग नाकपुड्या मिटून, ओठांची नळी करून वाळवी ओढून घेतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून वाळवी सरळ तोंडात जाते. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने दातांतली ही फट आणि लांब वाकडी नखं पाहून या प्राण्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या गटात बसवलं. पुढे चूक दुरुस्त झाली, तरी इंग्रजीत आपलं अस्वल अजून ‘स्लॉथ बेअर’च आहे. ते सुस्त आहे का, हे मोहफुलं वेचायला पहाटे रानात जाणाऱ्यांना विचारावं. पळण्यात ते माणसाला सहज गाठतं.

खऱ्या स्लॉथच्या वाट्याला तर याहून मोठा अन्याय आला. अठराव्या शतकात बुफाँसारख्या नामवंत फ्रेंच अभ्यासकाने त्याला निसर्गाची फसलेली घडण ठरवलं. हा प्राणी काय खातो, हे नीट पाहिलं असतं तर असं म्हणायची वेळ आली नसती.

स्लॉथ मुख्यतः झाडपाल्यावर जगतो. पाल्यात ताकद कमी आणि पचायला जड असे धागे भरपूर. एकदा खाल्लेलं पूर्ण पचून बाहेर पडायला कित्येक दिवस, कधी कधी महिनाही लागतो. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीत त्याने खर्चही तितकाच आखडला आहे. शरीरात स्नायू कमी. फांदीला लटकायला नखांचे आकडे आणि पायांतले चिवट स्नायुबंध पुरतात, जोर लावावा लागत नाही. शरीराचं तापमान आपल्यासारखं ३७ अंशांवर धरून ठेवायचा अट्टहास नाही, ते हवेप्रमाणे बरंच खालीवर होतं. शिवाय हलणारी वस्तू चटकन टिपणाऱ्या हार्पी गरुडाच्या नजरेतून निसटायला संथपणासारखी दुसरी ढाल नाही.

तो दिवसभर झोपतो, हा समजही खरा नाही. २००८ मध्ये पनामाच्या जंगलात मोकळ्या स्लॉथच्या मेंदूच्या लहरी नोंदवल्या, तेव्हा झोप भरली दिवसाला साधारण साडेनऊ तास. तीन नखांच्या स्लॉथच्या मानेत बहुधा नऊ मणके असतात. जिराफासकट जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांना सातच. त्यामुळे धड न हलवता तो मान जवळपास पाठीमागपर्यंत वळवतो. आणि पाण्यात पडला तर उत्तम पोहतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती त्याची कातडी. तीन नखांच्या स्लॉथच्या केसांना आडव्या भेगा असतात. भेगांत पाणी साचतं, पाण्यात शेवाळ धरतं आणि अंगाला हिरवट झाक येते. त्याच केसांत पतंगांची वस्ती असते. हा स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदा, जिवावर उदार होऊन, विष्ठेसाठी झाडाखाली उतरतो. पतंगाची मादी त्या विष्ठेत अंडी घालते आणि नवे पतंग उडून पुन्हा स्लॉथच्या अंगावर येतात. पतंग मेले की त्यांच्यातल्या नत्रावर शेवाळ पोसतं आणि ते शेवाळ स्लॉथच्या पोटातही जातं, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलं गेलं. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही, पण अंगावर एवढं गोकुळ नांदवणारा प्राणी निरुपयोगी कसा म्हणायचा?

नागपूरकरांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट आणखी वेगळी आहे. उकाडा एका मर्यादेपुढे गेला की स्लॉथ शरीरातली चूलच मंद करतो. ऊर्जा कमी जळते, म्हणून आतली उष्णताही कमी तयार होते. माणसाला हे जमत नाही. आपलं शरीर घामाच्या भरवशावर चालतं आणि पाणी, सावली, विसावा मिळाला तरच तो भरवसा टिकतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वाडीच्या गोदामांसमोर ट्रक रिकामे करणारे हमाल भर दुपारी झाडाखाली आडवे झालेले दिसतात. त्यांना कामचुकार म्हणणारे थेट बुफाँची चूक करतात. तापलेल्या पत्र्याखाली दुपारी बारा ते चार पोती उचलायला लावणं हा अन्याय आहे. माल पहाटे आणि सूर्य कलल्यावर उतरवावा, मधल्या वेळेची मजुरी कापू नये आणि गोदामापाशी थंड पाण्याचे माठ भरलेले असावेत. ट्रक चार तास थांबला तर नुकसान भाड्याचं होतं. उष्माघाताने कोसळलेला माणूस मात्र पुष्कळदा परत उठत नाही.

पुढच्या आठवड्यात खवल्या मांजराकडे वळू. अस्वलासारखं तेही वाळवी खातं, पण त्याला एकही दात नाही.