महाविद्यालयीन खेळाडूंचे मानधन

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकत असताना त्या संस्थेच्या वतीने स्पर्धांत उतरणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच्या खेळाबद्दल द्रव्यरूपाने मोबदला द्यावा किंवा नाही, हा आधुनिक क्रीडाव्यवस्थेतील एक वादग्रस्त प्रश्न आहे. अशा मोबदल्याचे स्थूलमानाने तीन प्रकार मानता येतात : (१) निर्वाह, म्हणजे खुराक, निवास, प्रवास, उपचार व शिक्षणशुल्क यांचा खर्च, (२) पारितोषिक किंवा इनाम, आणि (३) वेतन किंवा खेळापासून होणाऱ्या उत्पन्नातील वाटा. या तिहींतील भेद स्पष्ट न केल्यामुळे चर्चेत पुष्कळदा गोंधळ होतो. अमेरिकेतील वाद मुख्यत्वे तिसऱ्या प्रकाराविषयी आहे. महाराष्ट्रात मात्र पहिल्या प्रकाराचाच प्रश्न पुरता सुटलेला नाही.

हौशी खेळाडूची कल्पना : द्रव्यासाठी खेळणे हलके व केवळ आनंदासाठी खेळणे श्रेष्ठ, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील सुखवस्तू वर्गात दृढ झाली. तेथील नौकास्पर्धांच्या तत्कालीन नियमांनुसार कारागीर व मजूर यांची गणना हौशी खेळाडूंत होत नसे. म्हणजे या तत्त्वामागे नीतीइतकाच वर्गभेदही होता. पुढे ऑलिंपिक चळवळीने हे तत्त्व स्वीकारले. त्याचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे अमेरिकेतील कार्लाइल येथील मूलनिवासींच्या शाळेचा विद्यार्थी जिम थॉर्प. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. परंतु पूर्वी बेसबॉल खेळण्याबद्दल त्याने किरकोळ रक्कम घेतली होती, या कारणावरून १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली. १९८२ मध्ये त्याला मरणोत्तर सहविजेता ठरविण्यात आले आणि २०२२ मध्ये एकमेव विजेता म्हणून मान्यता देण्यात आली. ऑलिंपिकमधील हौशीपणाची अट १९८० नंतरच्या दशकात क्रमाने शिथिल होत गेली.

महाराष्ट्रातील परंपरा : मराठी ग्रामीण जीवनात खेळ आणि द्रव्य यांत असा विरोध कधीच मानला गेला नाही. कुस्ती हे त्याचे ठळक उदाहरण होय. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत, तसेच पश्चिम महाराष्ट्रात सर्वत्र, ग्रामदैवताच्या यात्रेनिमित्त कुस्त्यांचा आखाडा भरतो. लोकवर्गणीतून इनामांची रक्कम उभी केली जाते. लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात आणि जोड मोठी होत जाईल तसतशी इनामाची रक्कम वाढते. इनाम स्वीकारल्याने मल्लाच्या प्रतिष्ठेस बाध येत नाही. उलट, ती गावाने केलेली कदर समजली जाते. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी मल्लांना उदार आश्रय दिला व तेथे खासबागेचे मैदान उभारले. संस्थाने विलीन झाल्यावर मात्र हा आश्रय संपुष्टात आला आणि मल्लाच्या खुराकाचा भार पुन्हा त्याच्या कुटुंबावर व गावावर पडला.

या स्थितीचे सर्वांत बोलके उदाहरण खाशाबा जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) यांचे आहे. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना स्वतःच पैसे उभे करावे लागले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली व त्यांच्या उत्पन्नातून खर्डेकरांचे कर्ज फेडले. हौशीपणाचे तत्त्व सांगणाऱ्या स्पर्धेचा खर्च अखेर इनामाच्या कुस्तीने भागविला, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९५५ मध्ये ते पोलीस दलात दाखल झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तरच मिळाला.

सद्यःस्थिती : भारतातील महाविद्यालयीन स्पर्धांना प्रेक्षकांपासून किंवा प्रक्षेपणापासून म्हणण्यासारखे उत्पन्न नाही. त्यांचा खर्च विद्यार्थ्यांकडून घेतले जाणारे क्रीडाशुल्क व संस्थांची तरतूद यांतून चालतो. खोडदसारख्या गावातील विद्यार्थी नारायणगावच्या किंवा जुन्नरच्या महाविद्यालयाकडून खेळू लागला, तर आंतरमहाविद्यालयीन व आंतरविभागीय स्पर्धांतून त्याची निवड सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संघात होऊ शकते. तेथून पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांचा मार्ग खुला होतो. संघात निवड झाल्यावर प्रवासखर्च, दैनिक भत्ता व गणवेश मिळतो. परंतु निवड होईपर्यंतच्या वर्षांचे दूध, तूप, बदाम आणि गुडघा किंवा खांदा दुखावल्यास करावे लागणारे उपचार हा खर्च बहुधा घरचाच असतो.

मोबदल्याऐवजी शासनाने सवलतींचा मार्ग अवलंबिला आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तथापि या सवलतींचे फळ उशिरा व मोजक्यांनाच मिळते. शिवाय त्यांच्या लोभाने बनावट क्रीडाप्रमाणपत्रांची प्रकरणेही उघडकीस आली आहेत. केंद्र शासनाच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६.२८ लाख रुपयांची तरतूद करण्यात आली; त्यांपैकी १.२० लाख रुपये, म्हणजे दरमहा दहा हजार, त्याला हाती खर्चासाठी देण्याची योजना होती. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे ग्रामीण कबड्डीपटूंना खेळावर उपजीविका करण्याची संधी मिळाली. मात्र तेथील करार संघमालकाशी होतो, महाविद्यालयाशी नव्हे.

अमेरिकेतील अनुभव : तेथील विद्यापीठीय फुटबॉल व बास्केटबॉल यांपासून प्रचंड उत्पन्न होते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने दीर्घकाळ केवळ शिष्यवृत्तीस मान्यता दिली होती. ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञाही १९५० नंतरच्या दशकात, जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू नये या हेतूने रूढ करण्यात आली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील मर्यादा एकमताने अवैध ठरविल्या आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावाचा जाहिरातीसाठी उपयोग करून पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठास पहिल्या वर्षी सु. २.०५ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंना थेट देता येऊ लागली. महिलांच्या व कमी उत्पन्नाच्या खेळांचा वाटा कसा ठरवावा, हा वाद त्यातून पुढे आला.

विवेचन : मानधनाच्या विरोधात असे म्हटले जाते, की त्यामुळे अध्ययन दुय्यम ठरते, धनिक संस्था चांगले खेळाडू ओढून घेतात आणि उत्पन्न न देणारे खेळ मागे पडतात. अनुकूल पक्षाचे म्हणणे असे, की ज्याच्या श्रमातून संस्थेस द्रव्य व कीर्ती मिळते, त्यालाच वंचित ठेवणे अन्याय्य आहे. भारतात वाटून घेण्याजोगे उत्पन्नच नसल्यामुळे वेतनाचा आग्रह येथे सामान्यतः लागू पडत नाही. पण त्यावरून काहीच देणे लागत नाही, असा निष्कर्ष निघत नाही. संस्थेचे नाव छातीवर लावून खेळणाऱ्या विद्यार्थ्याचा खुराक, दुखापतीचा विमा व उपचार आणि खेळामुळे खंड पडलेले शिक्षण पुरे करण्याची हमी, एवढे तरी संस्थेचे व शासनाचे दायित्व ठरते. हे दायित्व नाकारले गेल्यास निर्धन घरातील गुणी मुले खेळ सोडतात आणि क्रीडाक्षेत्र पुन्हा सुखवस्तूंपुरते मर्यादित होते. खर्डेकरांचे औदार्य अविस्मरणीय आहे. परंतु एखाद्या प्राचार्याच्या गहाण घरावर खेळाडूचे भवितव्य अवलंबून राहावे लागणे, हे त्या व्यवस्थेचे मोठेच वैगुण्य म्हटले पाहिजे.